घरात माणसं किती? समाजशास्त्र आणि मानवशास्त्र शिकताना

तालुक्याच्या कॉलेजात बीएला प्रवेश घेतला तेव्हा विषयांचे गट ठरलेले होते. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हा गट मी घेतला, कारण त्याचे तास दुपारी एकच्या आत संपायचे आणि मला दीडची एसटी मिळायची. ती चुकली की थेट संध्याकाळची. बार्शी भागातल्या आमच्या गावच्या बहुतेक मुलींनी विषय असेच निवडले. आज मी आरोग्यावरच्या संशोधनात काम करते, माझं पोट याच विषयावर चालतं, आणि दरवर्षी बारावीचा निकाल लागला की ओळखीतले कुणी ना कुणी फोन करून विचारतात, "समाजशास्त्र घेऊन पुढं काय?" फोनवर पाच मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

पहिली दोन वर्षं हा विषय गाइडमधला होता. ‘कुटुंबाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास यायचा. मॅकआयव्हर आणि पेज यांची व्याख्या, मग ऑगबर्न आणि निमकॉफ यांची, मग सहा वैशिष्ट्यं, प्रत्येकाखाली चार ओळी. दहा मार्कांचा प्रश्न, सात मार्क पक्के. वर्गातल्या सगळ्यांच्या उत्तरपत्रिका सारख्याच. कुटुंबाबद्दल लिहिताना आपल्या घराकडे बघावं असं कुणालाच सुचत नव्हतं, कारण पेपरात त्याला जागाच नव्हती. विषय सोपा आहे अशी जी समजूत गावोगाव आहे, ती या पद्धतीतून आली. सोपा असतो तो पेपर. आणि पेपर सोपा ठेवल्यामुळे विषयाचं किती नुकसान झालं आहे हे आज नोकरीसाठी येणाऱ्या मुलांशी बोलताना मला रोज दिसतं.

तिसऱ्या वर्षाला आलेल्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत एकच काम दिलं. आपापल्या घराची चार पिढ्यांची वंशावळ काढायची, पुस्तक न बघता, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून. खुणा त्यांनी फळ्यावर काढून दाखवल्या: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, भावंडांना वरून एक आडवी रेघ, माणूस वारलेलं असेल तर खुणेवर तिरकी काट.

मी आजीकडे बसले. ओसरीत ती तुरीच्या शेंगा सोलत होती. आजोबांच्या बाजूची नावं मला थोडीफार ठाऊक होती, सातबाऱ्यावर होती ती. पण सातबाऱ्यावर बायका फारशा नसतात. आजीने सुरुवातच दुसऱ्या टोकाने केली. तिची आई, आईच्या बहिणी, कोण कुठल्या गावी दिलेली, कुणाची लेक परत कुणाच्या घरात आली. कागद एका बाजूला वाढत वाढत संपला, मी दुसरा जोडला. मग मी तिला विचारलं, "आजी, तुला मुलं किती?" तिने हातातली शेंग तशीच धरली आणि म्हणाली, "जगल्याली सांगू का झाल्याली?"

मला माहीत होते ते माझे वडील, दोन काका आणि एक आत्या. आजीला एकूण सात मुलं झाली होती. तीन गेली, त्यातलं एक नाव ठेवायच्याही आधी. घरात याचा उच्चार कधी झालेला नव्हता, आणि कुणी लपवलंही नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी. मी तीन खुणा वाढवल्या आणि त्यांवर काट मारली. आजीने कागद हातात घेऊन त्या खुणांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही माझीच ना?"

सुट्टीनंतर सरांनी सगळ्यांच्या वंशावळी भिंतीला लावल्या आणि एक प्रश्न विचारला: यातली बरोबरची चिन्हं बघा, एखादं तरी जातीबाहेर गेलंय का? पूर्ण वर्गात, चार-चार पिढ्यांत, एकही नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निबंधाच्या झेरॉक्स वाटल्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी वाचलेला हा निबंध. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावण्याने, आणि हा बंदिस्तपणा राखायचा तर जोडीदार गेल्यावर मागे उरणाऱ्या बाईचं किंवा पुरुषाचं काय करायचं हा प्रश्न येतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढींची सांगड ते या प्रश्नाशी घालतात. बाबासाहेब आमच्या घरोघरी माहीत होते, पण मानवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून मला ते पहिल्यांदा तिथे भेटले. भिंतीवर आमचे कागद आणि हातात तो निबंध. मला या विषयातच पुढे शिकायचं आहे हे त्या आठवड्यात ठरलं.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर होती. माझी आजी तिच्या सख्ख्या आत्याच्या घरी सून म्हणून आलेली. आमच्याकडे मामाची मुलगी करतात, आत्याची मुलगी सहसा करत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं पण असं का, हे कुणी विचारत नाही. इरावती कर्वे यांनी भारतभरच्या नातेव्यवस्थेचा अभ्यास केला, त्यात हे उत्तर सापडतं. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते पसंतीचं, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, म्हणून इथे एक चालतं आणि दुसरं चालत नाही. आपल्या घरातलं लग्न एवढ्या मोठ्या नकाशात बसतं हे कळल्यावर मला अक्षरशः झोप लागली नाही.

एमएसाठी पुण्याला आले ती मानवशास्त्राला. समाजशास्त्र सोडून का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. मला दोन्ही हवं होतं, आणि मानवशास्त्रात माणसाचं शरीर, त्याचा भूतकाळ आणि त्याचा समाज हे तिन्ही एकाच छपराखाली शिकवतात. तशीही महाराष्ट्रात या दोन विषयांची घरं पहिल्यापासून लागून आहेत. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी समाजशास्त्राचा विभाग सुरू केला, तो देशातला पहिला. १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला. त्यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे पुढे १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आल्या आणि त्यांनी समाजशास्त्र व मानवशास्त्र दोन्ही एकत्र चालवलं. माणसांची उंची आणि डोक्याची मापं घेणं आणि पंढरीच्या वारीत चालत दिंडीतल्या जातींच्या पंगती टिपणं, हे दोन्ही त्या एकच काम समजून करत होत्या. त्याआधी बर्लिनमध्ये पीएचडी करताना त्यांनी कवट्यांची मापं घेतली होती. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. हाती आलेली मापं त्या मताला पुष्टी देत नाहीत हे त्यांनी त्याच ठिकाणी, त्याच प्रबंधात मांडलं. विद्यार्थ्यांना हा प्रसंग मी मुद्दाम सांगते. पुढे नोकरीत कुणाच्या तरी सोयीचे निष्कर्ष काढून देण्याची वेळ प्रत्येकावर येते, आणि तेव्हा कशाला चिकटून राहायचं ते आधी ठरलेलं बरं.

प्रॅक्टिकलला आम्ही हाडं ओळखायला शिकलो. मांडीचं हाड डाव्या पायाचं की उजव्या, कमरेचं हाड बाईचं की पुरुषाचं. एकमेकांची उंची, बसल्यावरची उंची, डोक्याची लांबी-रुंदी मोजायची. उंची घेताना डोकं नुसतं सरळ असून चालत नाही. डोळ्याची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत यावी लागते, तिला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात. हे मला तेव्हा उगाच बारीक वाटायचं. दोन वर्षांनी याच रेषेने मला नोकरी दिली, ते पुढे येतंच. पुरातत्त्वाचा पेपरही होता. शिरूर तालुक्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातली घरं सापडली, आणि घराच्या जमिनीखाली दोन मातीचे रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुलं. ते फोटो बघताना मला आजीच्या कागदावरच्या तीन खुणा आठवल्या.

पण मला घडवलं ते फील्डवर्कने. डेझर्टेशनसाठी मी ऊसतोड कामगारांचा विषय घेतला. आमच्या गावावरून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या गाड्या जायच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, लाकडं, कोंबड्या, पोरं, वर ताडपत्री. लहानपणापासून बघत आलेली ती माणसं कुठं जातात हे मला बघायचं होतं. गाइड मॅडमनी होकार देताना अट घातली की सुरुवातीला प्रश्नावली पिशवीतून बाहेर काढायची नाही. बसायचं, बघायचं, रात्री परत आल्यावर लिहायचं. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कींनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियंड बेटांवर राहून जी सहभागी निरीक्षणाची पद्धत रुजवली, ती वर्गात पाच मुद्द्यांत शिकवतात. सातारा जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या हद्दीत, पाचटाच्या धुरळ्यात बसून ती शिकणं वेगळं.

मी गावात एका शिक्षिकेच्या घरी राहत होते. कोप्यांची, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांची, वस्ती गावाबाहेर, कॅनॉलच्या कडेला. पहाटे अंधारातच बायका भाकरी थापून फडात निघायच्या. पुरुष बुंध्यातून ऊस तोडत पुढे, बाई मागून वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, छाटून मोळी बांधणार, मग मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराने, आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे उचल; ती या कोयत्याला असते, आणि हंगामभर ती फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, त्याला उचलही कमी. हे सगळं मला पहिल्या काही दिवसांत कळलं, कारण ते कुणीही सांगतं.

न कळणारं होतं ते कोण कुणाबरोबर आलंय. मुकादमाकडची वही बघायला मिळाली. तिच्यात पुरुषाचं नाव, गाव, उचलीची रक्कम आणि पुढे ‘कोयता १’. बाईचं नाव कुठेच नाही. वहीप्रमाणे त्या टोळीत वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या आडनावांची माणसं होती, एकमेकांशी संबंध नसलेली. मी संध्याकाळी चुलीपाशी बसून बायकांना माहेर विचारायला लागले, आणि रात्री त्रिकोण-वर्तुळं काढायला लागले. हळूहळू सगळी टोळी एका कागदावर आली. शेजारी शेजारी असलेल्या दोन कोप्यांतल्या बायका सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. पलीकडचा माणूस त्यांच्या मावशीचा जावई. सगळ्यात कडेची कोपी एका विधवेची. एकटीला अर्ध्या कोयत्याची उचल मिळते, म्हणून ती भाच्याला घेऊन आली होती, आत्या-भाच्याचा मिळून एक कोयता. वहीत पुरुषांची यादी होती, पण टोळी बांधली होती बायकांच्या नात्यांनी.

आणि ते नुसतं सोबतीसाठी नव्हतं. उचल घेऊन कुणी हंगामाच्या मध्येच निघून गेला तर मुकादम कुणाला धरतो, हे मी जेव्हा विचारलं तेव्हा मोठ्या बहिणीने सरळ सांगितलं, "ताई, मेव्हना पळाला तर आमची बाकी वाढती." नातं हेच तारण होतं. कागदावर कुठलाही करार नाही, तरी माणसं जागेवरून हलू शकत नव्हती, याचं कारण माझ्या वंशावळीत होतं. माझ्या डेझर्टेशनचं मुख्य प्रकरण यावर उभं राहिलं.

मग प्रश्नावली काढायची परवानगी मिळाली. पहिलाच प्रश्न: कुटुंबात एकूण सदस्य किती? जिला विचारलं तिने चूल फुंकता फुंकता उलट मलाच विचारलं, "इथली सांगू का गावाकडची?"

इथे नवरा-बायको, धाकटा मुलगा आणि त्याला सांभाळायला आणलेली दहा वर्षांची मुलगी. गावाकडे सासू-सासरे आणि शाळेत जाणारा मोठा मुलगा. रेशनकार्ड गावाकडे, त्यात सगळे. गावाकडच्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये धाकट्याचं नाव आहे, पण तो तिथे नाही. इथल्या अंगणवाडीसमोर तो रोज खेळतो, पण इथल्या रजिस्टरमध्ये तो नाही. त्याचा लसीचा डोस हुकला होता आणि दोन्हीकडच्या नोंदी आपापल्या जागी अगदी बिनचूक होत्या. मुलीचं शाळेतलं नाव कटलेलं नव्हतं, ती फक्त ‘गैरहजर’ होती. मॅकआयव्हर आणि पेज यांची व्याख्या मला तोंडपाठ होती, आणि ती या कोपीत बसत नव्हती. ‘घरात माणसं किती’ हे विचारण्याआधी घर कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्यावर कुणाला लस मिळणार, कुणाला धान्य मिळणार हे ठरतं. आम्हाला शिकवतात ते खरं हे. माझ्या मते या दोन विषयांचं सगळं व्यावहारिक मोल याच्यात आहे: मोजणी सुरू होण्याआधी कुणाला मोजायचं आणि कसं विचारायचं, हे समजणारं माणूस तयार करणं.

एमए झाल्यावर पहिलं काम मिळालं ते २०१९ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण चालवते. पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली होती. प्रत्यक्ष घरोघर जायला मुली लागतात, आणि त्यांत समाजशास्त्र, मानवशास्त्र, समाजकार्य शिकलेल्या पुष्कळ असतात. मी मापं घेणाऱ्यांत होते. प्रशिक्षणात स्टेडिओमीटरवर उंची घ्यायला लावली तेव्हा फ्रँकफर्ट प्लेन काय हे मला सांगावं लागलं नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवून लांबी, त्यावरच्याला उभं करून उंची. मूल रडत असतं, आई घाबरलेली असते, आणि अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं तर ते मूल खुजं आहे की नाही याची नोंद बदलू शकते.

निवडलेल्या प्रत्येक गावात २२ घरं ठरलेली. टॅबवर प्रश्न येतात. घरात नेहमी कोण राहतं, हा एक प्रश्न. काल रात्री इथे कोण झोपलं होतं, हा वेगळा प्रश्न. कोपीतल्या बाईने मला जे विचारलं होतं ते इथे प्रश्नावलीतच होतं. पुढे मुलाखत घेणारी मुलगी बाईला विचारते, तुम्हाला झालेल्या मुलांपैकी जन्मल्यावर रडलं किंवा हाललं-डुललं, पण नंतर वारलं, असं एखादं मूल होतं का? हा प्रश्न कानावर पडायचा तेव्हा मला आजीची ओसरी दिसायची. देशाचा बालमृत्यूचा आकडा अशा उत्तरांतून तयार होतो. तो प्रश्न घाईत, मान खाली घालून विचारला तर बाई ‘नाही’ म्हणून मोकळी होते. घरातल्या मारहाणीचे प्रश्न तर पूर्ण घरात एकाच बाईला, आणि आजूबाजूला कुणी नसेल तरच विचारायचे. सासू दारात असेल तर थांबायचं. हे नियम पुस्तकात आहेत, पण सासूला वाईट न वाटू देता आत पाठवणं ज्या मुलींनी फील्डवर्क मनापासून केलं होतं त्यांना जमायचं.

त्याच वर्षी बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. किती बायकांची शस्त्रक्रिया झाली हे आकड्यांत सांगता येतं. पण पाळीच्या दिवसांत मोळी वाहताना काय होतं, खाडा पडेल म्हणून दवाखाना कसा पुढे ढकलला जातो, मग डॉक्टरने ‘काढून टाका’ म्हटल्यावर ती आणि तिचा नवरा कसा हिशेब करतात, हे बोलायला बसावं लागतं. अशा गुणात्मक मुलाखती घेणं हे आता माझं रोजचं काम आहे. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत १५ हजारांच्या आसपास पगारावर सुरुवात केली. पहिली काही वर्षं पैशाची ओढाताण होती, आणि हे मुलांना व त्यांच्या आईवडिलांना स्पष्ट सांगायला हवं. आज माझं बरं चाललं आहे.

हे काम बाहेरून गप्पा मारल्यासारखं दिसतं. संशोधनाच्या प्रस्तावाला नैतिकता समितीची मंजुरी लागते. बाईला समजेल अशा मराठीत संमतीपत्र वाचून दाखवायचं, नको म्हणाली तर उठायचं. तासाभराची मुलाखत ऐकून शब्दशः उतरवायला आख्खा दिवस जातो, बोलीसकट. मग ओळ न् ओळ वाचून तिला कोड, म्हणजे ती कशाबद्दल आहे ते सांगणारी छोटी नावं, द्यायचे, कोडमधून मुद्दे, आणि मुद्द्यांमधून अहवाल. सॉफ्टवेअर मदतीला आहे, पण ‘अंगावरून जातंय’ म्हणजे काय हे ते सांगत नाही. मराठी मुलामुलींकडे इथे मोठी शिदोरी आहे. ज्याला मराठवाड्याची, खानदेशची, कोकणची बोली कळते आणि जो इंग्रजीत अहवाल लिहू शकतो, त्याला आमच्या क्षेत्रात शोधत येतात. इंग्रजी लिहिण्याचा सराव बीएपासून करावा. मी तो रोज एक पान लिहून केला.

माझ्या बरोबरीचे कुठे कुठे आहेत ते सांगते, म्हणजे चित्र कळेल. एक मैत्रीण गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक वनहक्क मिळू शकतात; २००९ मध्ये गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला ते मिळाले आणि त्यानंतर विदर्भातल्या कितीतरी गावांनी दावे केले. दाव्यासाठी म्हाताऱ्या माणसांचे जबाब, कुठल्या जंगलात कोण काय गोळा करत आलं याच्या नोंदी, जुन्या सीमांच्या खुणा लागतात. हे मानवशास्त्रज्ञाचंच काम. एक जण भूसंपादनासाठी सामाजिक परिणामांचा अभ्यास करणाऱ्या गटात आहे. २०१३ च्या कायद्याने अनेक प्रकल्पांसाठी हा अभ्यास सक्तीचा केला, खासगी प्रकल्पाला ८० टक्के बाधितांची संमती लागते. जमिनीच्या मालकाव्यतिरिक्त त्या जमिनीवर कोण जगतं, मजूर, मेंढपाळ, बलुतेदार, हे शोधून यादीत घालणं ही त्याची जबाबदारी. पुन्हा तेच, कुणाला मोजायचं. त्याच्यावर दबाव येतो, आणि तो कवट्यांची गोष्ट आठवतो असं मला म्हणाला.

एक जण बंगळुरूला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. लोक फोनवरून पैसे पाठवताना कुठे अडतात हे बघायला तो बाजारात भाजीवाल्यांपाशी तासन् तास बसतो. पगार आमच्या सगळ्यांत जास्त. दुसरी संग्रहालयात आहे. पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात वारली चित्रं, मुखवटे बघून तिने तो रस्ता धरला. भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षण ही १९४५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे, तिचं एक केंद्र नागपुरात आहे, पण तिथल्या जागा क्वचित निघतात.

स्पर्धा परीक्षेचं सगळे विचारतात. यूपीएससीला समाजशास्त्र आणि मानवशास्त्र दोन्ही वैकल्पिक विषय आहेत, मुख्य लेखी परीक्षेच्या १७५० पैकी ५०० मार्क वैकल्पिकचे. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतही २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत आणि वैकल्पिक विषय आला. या विषयांचा तिथे फायदा होतो हे खरं. पण केवळ त्यासाठी हा विषय घेणाऱ्या मुलांना मी विनवते की फील्डवर्क बुडवू नका. परीक्षा नाही निघाली तर तेच हाताशी राहतं.

प्राध्यापकीबद्दल मात्र मला राग येतो आणि तो लपवायचा नाही. एमएला ५५ टक्के, नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, वर पीएचडी, एवढं करून आमच्यातले किती तरी जण तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास तेवढेच पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनला परत मुलाखत. मला वंशावळ काढायला लावणारे सर असेच शिकवत होते. मी एमएला असताना त्यांनी ते सोडून गावी दुकान टाकलं. अशा शिक्षकाला आपण टिकवू शकलो नाही याची किंमत पुढच्या प्रत्येक वर्गाने मोजली आहे. त्यामुळे शिकवायची आवड असेल तर जरूर शिकवा, पण पहिल्या पाच-सहा वर्षांसाठी संशोधनाच्या प्रकल्पाचं दुसरं काम जोडीला ठेवा. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर उत्तम, पीएचडी निर्धास्त होते.

प्रवेशाचं थोडक्यात. एमएला समाजशास्त्रच बीएला असावं लागतं असं नाही. विज्ञान, वाणिज्य, नर्सिंग केलेली मुलंही येतात. नर्स होऊन मग मानवशास्त्र शिकलेली मुलगी आमच्या क्षेत्रात फार मोलाची ठरते. समाजकार्य करायचं असेल तर एमएसडब्ल्यू वेगळं आहे, मुंबईची १९३६ मध्ये सुरू झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था त्यासाठी नावाजलेली. संख्याशास्त्राची भीती घालवा. मोजणाऱ्यांशी बोलायचं तर त्यांची भाषा यावी लागते.

आता आमच्या संस्थेत नव्या मुलामुलींच्या मुलाखती मी घेते. गुणपत्रिका बघते, पण आधी फील्ड डायरी मागते. कॉलेजात डेझर्टेशन करताना लिहिलेली, चुलीपाशी, एसटीत, फडाच्या बांधावर टिपलेली. एक पान उघडायला सांगते आणि त्या दिवशी कोण काय बोललं ते वाचायला सांगते. त्यावर माझा एकच प्रश्न असतो: हे तुम्ही नेमकं काय विचारल्यावर ती बोलली? ज्यांनी डायरी ठेवलेली नसते त्यांना मी परत पाठवत नाही. जवळच्या आठवडी बाजारात दोन तास बसून लिहून आणायला सांगते. सकाळी आलेले काही जण संध्याकाळी पाच-सहा पानं घेऊन हजर होतात. गेल्या वर्षी घेतलेल्या दोघी अशाच आलेल्या आहेत.